देवाशेजारी टांगलेला शेअर

उरणात तेव्हा जो तो बोट कंपनीचा भागीदार होत होता. मोरा बंदराच्या धक्क्यावरून मुंबईला जाणारी बोट आपल्या माणसांची असावी, ही त्यामागची कल्पना. कल्पना वाईट नव्हती. कंपनीचे शेअर विकायला गावात एकच गृहस्थ होते. ते मिठाचे व्यापारी, आणि सहकारी पतपेढीचे अध्यक्षही तेच. ज्याच्याजवळ रोकड नसे, त्याला ते स्वतःच्या गल्ल्यातून कर्ज देत, रोखा लिहून घेत आणि त्याच बैठकीत शेअर हातात ठेवीत.

माझे थोरले बंधू मराठी शाळेत मास्तर होते. अध्यक्ष त्यांना म्हणाले, "मास्तर, भागीदाराची पत वाढते. उद्या घर बांधायला निघालात तर पेढी डोळे मिटून कर्ज देईल." बंधूंनी रोख्यावर सही केली. शेअरचा नक्षीदार कागद त्यांनी काचेत बसवून देवाशेजारी टांगला. गावातल्या कितीतरी घरांत तो तसाच टांगलेला मी पाहिला आहे. काही ठिकाणी त्याला हळदकुंकूही लागे. लाभांश कोणालाच मिळाला नाही. धक्क्यावर भागीदारांनाही तिकीट पुरेच काढावे लागे.

पुढे आमचा घरमालक खोल्या परत मागू लागला. बंधूंनी होती नव्हती ती शिल्लक घालून जागा घेतली, जोते बांधून घेतले आणि भिंती-कौलांसाठी पेढीकडे अर्ज केला. पावसाआधी कौले चढली नाहीत, तर बिऱ्हाड कुठे न्यायचे, हा प्रश्न होता.

कर्जाआधी पेढीचे पंच घरी येऊन ऐपत पाहत. अध्यक्ष आणि आणखी दोघे आले. वहिनींनी पोहे केले. बंधूंनी आपणहून ती चौकट खाली काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि पंचांपुढे ठेवली. "हेही तारण धरा."

एका पंचाने विचारले, "शेअरचे पैसे घरचे का?"

"नाही, कर्जाऊ."

अध्यक्षांनी बशी खाली ठेवली. "मग अवघड आहे, मास्तर. कर्ज काढून शेअर घेणाऱ्याला पेढी घरासाठी कर्ज देत नाही. पगार एक. त्यातून आधी तो रोखा फिटणार की आमचा हप्ता?"

"रोखा तुमचाच आहे, शेठ."

"म्हणून तर मला पक्के ठाऊक!"

"तुम्हीही मुंबईहून कर्ज काढूनच शेअर घेतलेत की."

"तो माझा धंदा. तुमचा तो नाद."

वहिनी आतून म्हणाल्या, "देणाऱ्याचा धंदा आणि घेणाऱ्याचा नाद! पोहे घ्या शेठ, ते तरी उसने नाहीत."

बाकीचे दोघे हसले, आणि लगेच पोह्यांकडे वळले. त्यांचेही रोखे त्याच गल्ल्यात होते.

नियम गैर होता, असे मी म्हणत नाही. एका पगारावर दोन देणी असली, तर कोणतीही पेढी विचार करील. पण शेअर विकताना हा नियम त्या माणसाला पाठ होता, आणि त्याने नेमके उलटे सांगितले. पेढीच्या सभेत बंधूंनी हे उभे राहून मांडले. सभेने पुढचा विषय घेतला. निम्म्या सभेने रोखे लिहून दिलेले होते.

पाऊस लागला. जोत्यावर शेवाळ चढले. गवंडी वाटेत भेटला की विचारी, "मास्तर, जोत्यावर काय झेंडा लावाचा हाय?" घरमालकाने आमचे सामान ओटीवर आणून ठेवले, त्याच आठवड्यात अध्यक्षांचा निरोप आला: जागा द्या, रोखा फाडतो. बंधूंनी जागा दिली आणि बिऱ्हाड दुसऱ्या भाड्याच्या खोल्यांत नेले.

त्या जोत्यावर अध्यक्षांचे घर उभे राहिले. बांधकामाला कर्ज पतपेढीनेच दिले. त्यांची ऐपत पाहायला कोणते पंच गेले होते, असे मी पेढीत जाऊन विचारले. अजून उत्तर मिळालेले नाही.