गादीखालचे ठोके

"आइकू नोको भाऊ, हात ठेवून पाह्य," म्हणत तो समोरच्याचा तळवा धरायचा आणि चालू स्पीकरवर टेकवायचा. हाताला मुंग्या यायच्या. तो आवाजाच्या कलाकृती करायचा. वर्ध्याजवळ बोरगाव मेघेत माझं साउंड सर्व्हिसचं दुकान; स्पीकर तो तिथूनच न्यायचा. मी त्याचं नाव 'मुंगीमास्तर' पाडलं. माझं तुम्हाला ठाऊकच आहे, चार माणसं हसली की मला भान राहत नाही.

एकदा त्याने माझे दोन जुने बास स्पीकर कापसाच्या गादीत शिवून घेतले. वर निजलं की पाठीखाली हृदयाचे ठोके.

"कोणाचे रे?"

त्याने दुकानाचं दार लोटलं. "आमचे. आधी माहे, मंग त्याचे. आम्ही दोघं संगं राह्यतो भाऊ, जोडप्यासारखे. बाबाले मीच सांगीन. पण आधी त्यायले निजू दे. अंगाले नावगाव समजत नाई."

त्याचं प्रदर्शन पिपरी मेघेच्या एका हॉलमध्ये होतं. वडील आले, टोपी काढून गादीवर आडवे झाले. बराच वेळ उठेचनात. तो कोपऱ्यात नखं खात उभा.

"कोणाचं काळीज हाय हे?" वडिलांनी डोळे न उघडताच विचारलं. "लय भलं वाटून राह्यलं."

तो पुढे आला, तोंडही उघडलं. पण साउंड माझा होता, माइक माझ्या हातात होता.

"काका, तुमच्या सुनेचं! फक्त तिले मिशा हायेत!"

हॉलभर हशा पिकला. वडील उठले, पाठीला काही चिकटल्यासारखा सदरा झटकला आणि निघून गेले. त्याने खाली बसून गादीची वायर काढली. माझ्याकडे पाहिलं नाही. आठवड्याभरात त्याने वर्धा सोडलं. गादी माझ्याकडेच राहिली.

तो किस्सा लोक अजून मागतात. मीही सांगतो, मिशांवर ताव देऊन.

परवा काका दुकानात आले. "त्याचा फोन लागत नाई. ते गादी हाय काय? एकडाव लावजो."

गादी होती. पेनड्राइव्हवरचे ठोके मात्र मी कधीच पुसून तिथे वरातीची गाणी भरली होती. मी त्यातलंच एक लावलं, शब्द आणि सनई पार बारीक केली, नुसता ढोल ठेवला.

काकांना आता आडवं होणं जमत नाही. ते गुडघ्यांवर बसले, गादीवर तळवा टेकवला.

"माह्या पोराचं हेच काय रे?"

"हेच, काका."

त्यांनी दुसराही हात ठेवला.