एका माणसाची भाजी

मला कॉलेजसाठी पुण्याला नेणारी ट्रॅव्हल्स वाशीमहून संध्याकाळी सुटायची, पण आम्ही दुपारीच येऊन बसलो होतो. बाबांना गाडी चुकण्याची भारी धास्ती. आमचं गाव अनसिंगच्या पलीकडं, आडरस्त्याला. एसटी आली तर आली. म्हणून ते सकाळपासून घरात चपला घालूनच फिरत होते. आईनं एका पिशवीत ज्वारीचं पीठ, दुसरीत मुगाच्या वड्या, तिखट आणि लसणाची चटणी बांधली होती. पिठाची पिशवी पाहून बाबा म्हणाले, "पीठ कायले देतं त्याले? तो काय भाकरी थापनार हाय?" आई म्हणाली, "मेसवालीले देईन तो. ते बाई करून देईन त्याले."

गाडी हलायच्या आधी बाबा खिडकीशी आले. "टायमावर जेवत जाय. मेस चांगली पाहून लाव. अन् चुलीपाशी बसू नोको, त्याच्यासाठी नाई पाठवून राह्यलो तुले." पुण्यात चूल कुठली, पण त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं. आई खिडकीपर्यंत आलीच नाही. ती मागं उभी राहून पदरानं डोळे पुसत होती, आणि शेजारच्या सीटवरचा जीन्सवाला मुलगा बघतोय म्हणून मी तिच्याकडं नीट पाहिलं नाही. लाज माझ्यासोबत गाडीत चढली ती अशी.

गाव सोडून आलेल्यांना पुढचं सगळं ओळखीचं वाटेल. जे गावातच आहेत त्यांनी कृपा करून हसू नये.

आधी बाबांबद्दल सांगायला हवं. ते शेतकरी, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख वांग्याच्या भाजीमुळं. कुठं सप्ताह संपला, कुठं मारुतीपुढं रोडगे केले, की भाजीच्या कढईपाशी तेच हवेत. आमच्याकडं रोडगे-वांग्याची पंगत असली की सगळा स्वयंपाक पुरुषांचा. गोवऱ्यांचा विस्तव पुरुष पाडणार, कणकेचे रोडगे त्यात तेच भाजणार, भाजी तेच ढवळणार. बायका फक्त जेवायला येतात. बाबा डोक्याला दुपट्टा बांधून कढईपाशी उभे राहिले की भाजीत त्यांचा हात कोणी धरू शकत नाही, असं लोक म्हणतात आणि ते खरंही आहे. पण हाच माणूस घरी आला की माठातलं पाणीसुद्धा हातानं घेणार नाही. देवळापुढं केलेला स्वयंपाक म्हणजे सेवा, घरच्या गॅसपाशी बसणं म्हणजे बायल्या होणं. यात काही विसंगत आहे असं गावात कोणाला वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

मी लहानपणापासून त्यांच्या हाताखाली. लसूण सोलायचा, वांग्यांनी भरलेले कट्टे ओढायचे, झारा धुऊन द्यायचा. त्यामुळं पुण्यात मेस परवडेना झाली आणि माझा रूम पार्टनर अजिंक्य म्हणाला की आपण रूमवरच करू, तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं, "भाजीचं माझ्यावर सोड. आमचे बाबा तीनशे माणसांची भाजी करतात." अजिंक्य सातारचा, त्याला अंड्याची पोळी येत होती. त्यानं भाजीचं खातं माझ्याकडं देऊन टाकलं.

मग माझ्या लक्षात आलं की मला तीनशे माणसांचीच भाजी येते. तेलाचा पिपा किती वाकवायचा ते मला ठाऊक. मिरचीपूड दोन्ही ओंजळींनी टाकायची, मीठ कढईच्या चारी बाजूंनी फिरत टाकायचं, वास देवळाच्या पायरीपर्यंत गेला की कांदा झाला समजायचं. पण एका पातेल्यात, दोन माणसांसाठी, पाव किलो वांगी? मी बाबांची आठवण काढून तेल ओतलं आणि मूठभर मिरची सोडली. खोलीत असा ठसका उठला की खालच्या मजल्यावरची मालकीणबाई नाकाला ओढणी लावून वर आली. तिला वाटलं गॅसचं काहीतरी झालं. अजिंक्य बिचारा डोळे पुसत दोन घास खाऊन म्हणाला, "भावा, विदर्भात तिखट खातात हे ऐकलं होतं." मला मालकीणबाईची लाज वाटली नाही, अजिंक्यची वाटली नाही. बाबांचं नाव घेऊन मी हे केलं, त्याची वाटली. सबंध पंचक्रोशीत जे नाव कोणी खाली पाडलं नव्हतं, ते मी एका भाड्याच्या खोलीत पाडलं.

दुसऱ्या दिवशी आईला फोन लावला. बाबा शेतात गेलेत ना, हे आधी विचारून घेतलं. मग म्हटलं, "आई, एका माणसाच्या खिचडीला किती तांदूळ घ्यायचे?" ती म्हणाली, "थांब बाप्पा. एका मानसाचं मी कदी केलंच नाई." आणि खरंच, ती लग्न होऊन आली तेव्हा घरात आठ-दहा माणसं जेवायला असायची, पुढं माणसं कमी झाली, पण येणारं-जाणारं कोणीतरी असायचंच. तिनं त्या दुपारी फक्त स्वतःपुरती खिचडी टाकून पाहिली आणि मग मला माप कळवलं, चहाच्या कपाचं. पाणी किती, हळद किती, शिट्ट्या किती. शेवटी आवाज बारीक करून म्हणाली, "तुह्या बाबाले नाई सांगत मी. ते गावभर सांगत राह्यते का पोरगं मेसात जेवते, ताट समोर येते."

मीही तेच म्हणणार होतो. म्हणजे आम्ही दोघांनी मिळून एक चोरीच सुरू केली. दुपारी बाबा शेतात, मी कॉलेजहून रूमवर, आणि आई फोनच्या त्या बाजूला बसून मला शिकवायची. आधी खिचडी, मग फोडणीचं वरण, मग बेसन. बेसनाला अजिंक्य पिठलं म्हणायचा, मी बेसन म्हणायचो, भांडण व्हायचं आणि तोवर त्याच्या गुठळ्या व्हायच्या. बाजार उठायच्या वेळी भाजीवाले उरलेला पाला स्वस्तात देतात हे कळल्यावर आम्ही रोज संध्याकाळी तिकडूनच यायला लागलो. महिनाअखेरीला चकोल्या, वरणातच कणकेचे तुकडे सोडायचे की पोळी-वरण एकाच भांड्यात उरकतं. आमच्या वर्गातली मुलं कॅफेत बसून स्टोरी टाकायची तेव्हा मी पालक निवडत असायचो. कोणी विचारलं तर म्हणायचो, लायब्ररीत होतो.

आईनं दिलेल्या पिठाला जाळी धरायला लागली होती. मेसवालीनं त्याला हात लावायला साफ नकार दिला होता. फेकवेना, म्हणून भाकर शिकलो. तेलाच्या बाटलीला मोबाइल टेकवून व्हिडिओ कॉल लावायचा, आणि आई तिकडून बघायची. "पानी कढत घे. मळ अजून. अजून मळ, लेका, दाबून मळ." माझी भाकर परातीतून उचलली की महाराष्ट्राच्या नकाशासारखी फाटायची. कितीतरी दिवसांनी एक पुरती फुगली. आई तिकडं टाळी वाजवणार होती, पण तेवढ्यात ओसरीत बाबांचा आवाज आला आणि तिनं फोन पालथा घातला. मी त्या काळ्या पडद्यासमोर फुगलेली भाकर धरून बसलो होतो.

पहिल्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा बाबांनी माझ्या बोटावरचे तव्याचे चट्टे पाहिले. "हे काय झालं?" मी म्हटलं, लॅबमध्ये भाजलं. त्यांनी लगेच भाऊराव काकांना सांगितलं की पोरगं लॅबमध्ये मोठं काम करून राह्यलं. भाऊराव काका म्हणजे शेजारी आणि पंगतीतले बाबांचे जोडीदार. रोडग्यांचं खातं त्यांच्याकडं. ते माझं बोट कौतुकानं बघत होते. त्या चार दिवसांत मी पाण्याचा तांब्यासुद्धा आईच्या हातून घेतला.

मग यंदा सोयाबीनच्या दिवसांत आई पडली. अंगणात ताडपत्रीवर सोयाबीन वाळत घातलं होतं. दाण्यांवरून पाय सटकला आणि उजव्या मनगटाला प्लास्टर बसलं. मी परीक्षा उरकून आलो तेव्हा घरात कशी अवकळा होती ते सांगवत नाही. सुरुवातीला चुलत काकूनं डबे दिले, पण तिच्या शेतातही सोयाबीनची सोंगणी लागली तशी ती पहाटेच कापायला जायला लागली, तिला तरी किती सांगणार? बाबा स्टँडवरून आलुबोंडे आणत होते. तीनशे माणसं जेवू घालणारा माणूस बायकोपुढं कागदातला आलुबोंडा ठेवत होता, आणि तीही मुकाट्यानं डाव्या हातानं खात होती.

त्या संध्याकाळी मी आईला हळूच म्हटलं, "मी करतो." तिनं माझ्याकडं पाहिलं, मग ओसरीकडं पाहिलं. ओसरीत बाबा आणि भाऊराव काका बसले होते. "दार लोटून घे," ती म्हणाली.

मी दार लोटलं. परात घेतली, पीठ मळलं. आईला मी गॅसशेजारीच बसवलं होतं; कोणी डोकावलं तर तीच करतेय असं वाटावं, ही माझी अक्कल. भाकर थापायला लागलो तसा परातीचा आवाज बाहेर गेला असणार. भाऊराव काकांचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

"वयनीचा हात बरा झाला वाटते?"

बाबा म्हणाले, "हो. हलके हलके करते आता."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. आत मी आहे हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी माझ्यावर पांघरूण घातलं होतं. मला इतकी शरम वाटली की हात आपोआप हळू झाला. मी आवाज न करता थापायला लागलो, नुसतं बोटांनी दाबून. भाकर कडेनं तडकली. मी ती मोडून पुन्हा गोळा केला, पुन्हा दाबली, पुन्हा तडकली. आई बघत होती. ती कधी मोठ्यानं बोलत नाही, बाहेर माणसं असताना तर नाहीच. पण तेव्हा बोलली, आणि दाराबाहेर जाईल अशा आवाजात बोलली.

"जोरानं थाप. अशा चोरट्या हातानं भाकर होत नसते. जाईन अवाज त जाऊ दे."

मी थापली. पूर्ण हातानं, जोरानं. थोड्या वेळानं भाऊराव काकांच्या चपलांचा आवाज अंगणातून गेला. माझे कान तापले होते, आणि तव्यावरची भाकर मात्र टम्म फुगली होती.

बाबा आत आले आणि भिंतीकडं तोंड करून जेवले. भाजी म्हणून फोडणीचं वरण होतं, म्हणजे भाजी नव्हतीच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडं पाहिलं नाही. आई तेवढी दोघांकडं आळीपाळीनं बघत होती आणि तिला भूक लागली होती हे पहिल्यांदाच दिसत होतं.

सुट्टी संपत आली तशी मला एकच काळजी: मी गेल्यावर आईला करून कोण घालणार? प्लास्टर निघायला अवकाश होता. निघायच्या आदल्या सकाळी मी भाकरी करत होतो तेव्हा बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत म्हणाले,

"दोघायले किती पीठ घ्या लागते?"

मी भांड्यानं दाखवलं. त्यांनी मान हलवली. मग इकडंतिकडं पाहून आत आले आणि परातीपाशी बसले. बसायच्या आधी त्यांनी स्वतःच दार लोटलं. पहिली भाकर त्यांनी ताटाएवढी थापली. त्यांच्या हाताला लहान काही येतच नव्हतं. आई हसली. मला हसू आलं नाही. ज्यांच्या कढईपाशी उभं राहायला मिळालं की मला गावात उंच झाल्यासारखं वाटायचं, ते माझ्यासमोर मांडी घालून चुकत होते आणि मी त्यांना, "अजून मळा बाबा, दाबून मळा," असं म्हणत होतो.

आता मी पुण्यात आहे. आई फोनवर सांगते की बाबांना बेसन जमलंय, भाकर माझ्यापेक्षा गोल होते, सकाळी लवकर उरकून मगच ते ओसरीत येऊन बसतात. मागून बाबांचा आवाज येतो, "सांगू नोको न कोनाले." आई म्हणते, "पोराले सांगून राह्यली, कोनाले नाई."

परवा आम्ही जेवायला बसलो तेव्हा अजिंक्यनं विचारलं, "काकूंचा हात कसाय रे? मग घरी स्वयंपाक कोण करतं?" हा अजिंक्य माझ्यासोबत रोज भांडी घासतो. त्याला सांगायला काय हरकत होती? माझे बाबा करतात, घरच्या गॅसपाशी बसून, माझ्या आईसाठी. हे सांगायला खरं तर छाती फुगायला हवी होती. शब्द तोंडात आलेही होते.

मी म्हणालो, "हात बरा झाला. आईच करते."

तो बरं म्हणाला आणि जेवायला लागला. आता घर म्हटलं की मला स्वयंपाकाच्या त्या खोलीतलीच दोघं दिसतात, परातीपाशी बाबा आणि शेजारी प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसलेली आई. आणि इतक्या लांबून त्या खोलीचं दार मीही लोटून घेतलं.