तडजोडकाकूंची बाजू

शाळेच्या ग्रंथपाल बाईंना अख्खी शाळा तडजोडकाकू म्हणायची. दोन शिक्षकांची जुंपली की काकू मध्ये हजर: "तुमचं बरोबर, आणि तुमचंही काही चूक नाही." दोघेही खूश. पण हाच गुण त्यांच्या पीएचडीच्या प्रबंधात शिरला आणि घात झाला की हो!

विषय झकास होता: मुलं वाचन का सोडतात. काकूंनी वाचलंही ढीगभर. एक विद्वान घराला दोष देई, दुसरा शाळेला. काकू प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दोघांच्याही पाठीवरून हात फिरवून मोकळ्या. मार्गदर्शक मॅडमनी प्रबंध परत केला. सुधारून दिला, पुन्हा परत. आता मुदत संपत आली होती, आणि मॅडमच्या सहीशिवाय एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

"अहो, प्रबंध म्हणजे सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारायची फेरी नव्हे!" मॅडम कडाडल्या. "तुमचं म्हणणं एका वाक्यात सांगा. त्या वाक्याच्या कामी येईल तेवढंच ठेवा, बाकीच्याला नारळ द्या."

काकूंनी वाक्य सुरू केलं, पण त्यातही 'दोघांचंही बरोबर' आलंच.

"असं करा, आज घरी एखाद्या भांडणात कोणाची तरी बाजू घ्या. मग लिहायला बसा."

भांडण शोधायला लांब जावं लागलं नाही. स्वयंपाकघरातलं मोडकं कपाट ठेवायचं की टाकायचं, यावरून नवरा आणि सासूबाई हमरीतुमरीवर आले होते. सवयीनं दोघांनी काकूंकडे पाहिलं.

"टाकायचं," काकू म्हणाल्या.

"अगंबाई, हिला मतही आहे!" सासूबाई रुसल्या खऱ्या, पण कपाट हललं तशी त्या मोकळ्या जागेत आपली खुर्ची त्यांनीच ओढली. आभाळ काही कोसळलं नाही. काकूंना इतकं हलकं वाटलं की टेबलाशी बसून त्यांनी एका दमात लिहून टाकलं: पुस्तक मिटलं रे मिटलं की आपण मुलाला 'काय शिकलास?' विचारतो, म्हणून मुलं वाचन सोडतात. लायब्ररीत हे रोज डोळ्यांसमोर घडत होतं, म्हणायची छाती नव्हती इतकंच. मग कात्री चालली. निम्मा प्रबंध गेला, उरलेला ताठ उभा राहिला. मॅडमनी हसत सही ठोकली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर म्हणजे बडं प्रस्थ. प्रत्येक पुस्तकावर मुलांना प्रश्न विचारा, असं ज्यांनी जन्मभर लिहिलं, नेमके तेच! मागच्या खुर्च्यांवर नवरा आणि सासूबाई जीव मुठीत धरून बसलेले.

"म्हणजे मी लिहिलंय ते चूक?" सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

'तुमचंही बरोबर' अगदी ओठांवर आलं होतं. काकूंनी ते गिळलं.

"हो सर. चूक आहे."

मॅडमनी डोळेच मिटून घेतले. आणि सर जे खो खो हसत सुटले! हसता हसताच त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"मला पटेलच असं नाही हं. पण सांगा डॉक्टर, कुठे चुकलो ते सांगा."