धामणीचा फाटा आणि जीपमधल्या रिंगा

हूक माझ्या हातात होता. त्याला जीपच्या तळाच्या पत्र्याचा एक तुकडा चिकटून आला होता, भाकरीचा कोर मोडावा तसा. शेजारी स्टुलावर गफारभाई पाय लांब करून बसले होते. ते आमच्या पथकाचे मेकॅनिक. सकाळी नाला ओलांडताना जीप एका अंगाला कलली, मागचे लोखंडी पाइप सरकले, दोराला हिसका बसला, हूक उपटला आणि पाइपांचा भारा गफारभाईंच्या पावलावर आला. दोन बोटं चेचली. अहमदपूरच्या दवाखान्यात पट्टी करून ते घरी न जाता थेट वर्कशॉपमध्ये आले होते.

"काय बघून राहिलात साहेब?" ते म्हणाले. "हुकाचा काय बी कसूर न्हाई. त्यानं आपलं काम केलंय. अजून पत्रा सोडला न्हाई बघा."

मला हसू आलं नाही. तो हूक माझ्या आधीच्या माणसानं लावलेला होता. पण त्या हुकाच्या भरवशावर रोज गाडी पाठवणारा मी होतो.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. माणसं, कपाटं, खुर्च्या वाटल्या गेल्या, तशा गाड्याही वाटल्या गेल्या. आमच्या वाट्याला ही जीप आली. दारावर जुन्या जिल्ह्याचं नाव होतं. त्यावर रंगाचा एक हात मारला होता, तरी ते वाचता यायचं. जीप फोर व्हील ड्राइव्ह होती, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांनाही मिळायची. वाळूचा नाला, नांगरट, दगडाची पांदण, कुठूनही ती निघायची. मागचा भाग उघडा. त्यात पाइप आडवे टाकायचे आणि पाइपांवर माणसं बसायची. कित्येक वर्षं असंच चाललं होतं.

मी हातपंप दुरुस्ती पथकाचा कनिष्ठ अभियंता होतो. हातपंपाखाली बोअरमध्ये पाइपांची एक लांब माळ सोडलेली असते. तिच्या टोकाला सिलिंडर असतो, तो पाण्यात बुडालेला लागतो. त्या साली पाऊस झालाच नव्हता. जमिनीतलं पाणी खाली खाली गेलं आणि सिलिंडर कोरडे लटकू लागले. पंप बिघडलेला नसायचा, पाण्यापर्यंत पोचत नसायचा. उपाय एकच. पाइप वाढवायचे आणि सिलिंडर आणखी खाली सोडायचा. म्हणून तालुक्यातलं प्रत्येक गाव त्या उन्हाळ्यात आमच्या जीपची वाट बघत होतं.

दुपारी आमचे उपअभियंता पाठक साहेब वर्कशॉपमध्ये आले.

"कांबळे, गाडी कधी निघतेय?"

"साहेब, हूक उपटलाय."

"वेल्डिंग मारा नि सोडा. खडकवाडी आणि धामणी, दोन्हीकडचे पाइप एका खेपेत गेले पाहिजेत. लातूरहून सारखा फोन आहे."

"वेल्डिंग मारलं तरी पुन्हा निघेल. तो पत्रा आहे साहेब. उद्या सकाळपर्यंत वेळ द्या."

"दोन्ही गावांत बायका विहिरीच्या तळाला उतरून वाटीनं पाणी भरतायत. वेळ कुठून देऊ?"

त्यांचं चुकत नव्हतं. मग त्यांची नजर गफारभाईंच्या पायाकडे गेली. "सकाळपर्यंत," ते म्हणाले आणि गेले.

इथं थोडं समजावून सांगतो. पत्रा म्हणजे गाडीचं कातडं. ओझं पेलते ती चेसिस, म्हणजे खाली पुढून मागं गेलेल्या दोन पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. सामान बांधायची रिंग कातड्याला शिवून उपयोग नाही. तिचे बोल्ट पत्र्यातून आरपार जाऊन आडव्या दांड्यात बसले पाहिजेत. जिथं खाली दांडा नाही, तिथं पत्र्याच्या खालून जाड लोखंडी पट्टी लावायची, म्हणजे सगळी ओढ एका भोकावर येत नाही, पसरते. तुळईला भोक पाडायची वेळ आलीच तर उभ्या भागात मधोमध पाडायचं. वरच्या-खालच्या कडेला कधीच नाही, कारण तुळईवर सगळ्यात जास्त ताण तिथं येतो.

दुसरी गोष्ट दोराची. दोर पाइपांवरून सरळ खाली ओढला तर पाइप नुसते दाबले जातात. गाडीनं ब्रेक मारला की ते सरकतातच. सरकणं अडवतो तो तिरपा दोर. म्हणून रिंगा भाऱ्याला चिकटून नाही, चारी कोपऱ्यांपासून जरा लांब लावायच्या. पाइपांच्या खाली आणि मध्ये गोणपाट घालायचं, लोखंडावर लोखंड घसरू नये म्हणून.

मी सळई वाकवून रिंगा केल्या, पट्ट्यांवर वेल्ड केल्या आणि जागा आखायला जीपमध्ये चढलो. गफारभाई स्टुलावरून बघत होते.

"पायपाचा बंदोबस्त झाला," ते म्हणाले. "आता आमचं काय? आमाला बी एकेक रिंग लावता का, बैलावानी?"

बोलले ते थट्टेनं. पण मी हातातला खडू खाली ठेवला. रिंगा कितीही पक्क्या लावल्या तरी माणसं बसणार पाइपांवरच. पाइप हलणार नाहीत एवढंच. माणसं पडणारच.

मग मी आखणी बदलली. सगळ्या रिंगा डाव्या अर्ध्या भागात. उजव्या भागात फळीचा बाक, आणि दोन्हींच्या मध्ये धरायला एक आडवी नळी. यात पाइप निम्मेच मावणार होते.

सकाळी पाठक साहेबांनी जीपमध्ये डोकावून पाहिलं.

"निम्मे?"

"निम्मे, साहेब. पण माणसं पाइपांवर नाहीत."

"आणि दुसरं गाव?"

"उद्या."

त्यांनी एका रिंगेवर बूट ठेवून जोर दिला. रिंग हलली नाही. "ठीक आहे," ते म्हणाले. "मग आधी कुठं जायचं ते तुम्हीच ठरवा. उरलेल्या गावाला तोंडही तुम्हीच द्या."

इथवर मी जे केलं त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पुढचं वेगळं आहे.

रस्त्यानं धामणी आधी लागते. खडकवाडी तिच्या पुढं, नाला ओलांडून. कुणीही शहाणा माणूस आधी धामणीला उतरला असता. पण धामणीचा तो पंप बौद्धवाड्यात होता, आणि त्या वाड्यात माझी कौसाआत्या राहायची, माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या घरातला पहिला सरकारी नोकर मी. मागं एकदा त्याच पंपाचा वॉशर बदलून आलो, तेव्हा आमचा स्टोअरकीपर चहा पिता पिता सगळ्यांसमोर म्हणाला होता, "कांबळे साहेब, आत्याच्या गावाला गाडी बरोबर जाते हं!" सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य माझ्या अंगात रुतून बसलं. त्यानंतर प्रत्येक कामात मी आधी हे बघायचो की यात माझ्यावर कुणाला बोट ठेवता येईल का.

"आधी खडकवाडी," मी ड्रायव्हर माणिकला सांगितलं.

कुणी कारण विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. खडकवाडी मोठं गाव आहे. ते खरंही होतं. पण कारण ते नव्हतं.

गफारभाई पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधून हजर झाले. मी नको म्हणालो. "पंप हातानं बसवतेत साहेब, पायानं न्हाई," म्हणाले आणि दोघा मदतनिसांशेजारी बाकावर जाऊन बसले.

धामणीच्या फाट्यावर बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. पाइप घेतलेली जीप निघाल्याची खबर त्यांना कुठून तरी लागली असणार. माणिकनं गाडी हळू केली.

"साहेब, वळू का?"

"सरळ चल."

"साहेब, लोकं उभी हायत."

"माणिक, सरळ."

मी समोरच्या काचेतून पुढं बघत राहिलो. बायकांच्यात एक हात वर झालेला डोळ्याच्या कडेला दिसला. कुणाचा ते मला कळलं होतं. धूळ मागं उडाली आणि फाटा गेला.

खडकवाडीचं काम चांगलं झालं. नाल्यात जीप कालच्यासारखीच कलली, पण एक पाइप जागचा हलला नाही. पंपाची जुनी माळ वर ओढायची, नवे पाइप जोडायचे, पुन्हा सगळं खाली सोडायचं, यात दिवस गेला. दिवस मावळता मावळता पाणी आलं. आधी गढूळ, मग स्वच्छ. मला बरं वाटलं. आपण नियमानं आणि निःस्वार्थीपणानं वागलो असं वाटलं. ते वाटणं मी घरी घेऊन गेलो आणि नीट झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले पाइप भरून धामणीला पोचलो, तर पंपापाशी कुणी नव्हतं. सगळी माणसं विहिरीकडं होती. कौसाआत्या उजाडताच घागर घेऊन विहिरीत उतरली होती. तळाजवळच्या पायऱ्या ढासळलेल्या होत्या. ती दगडांवर पडली. मांडीचं हाड मोडलं होतं, ते बघूनच कळत होतं. चार माणसांनी तिला वर काढून बाजेवर ठेवलं होतं. ती ओरडत नव्हती. ओठ तेवढे दातांत धरले होते.

गावात दुसरी गाडी नव्हती. आम्ही भराभरा पाइप उतरवले आणि ती बाज जशीच्या तशी उचलून जीपमध्ये ठेवली, पाइपांच्या जागी. मी दोर घेतला आणि बाजेचा पाय रिंगेला बांधू लागलो.

"सरळ नगा बांधू," गफारभाई म्हणाले. "तुमीच सांगितलंय नव्हं, तिरपा." त्यांनी माझ्या हातातून दोर घेतला आणि चारी पाय चारी रिंगांना तिरपे ताणून बांधले. "तुमी जावा आत्याबाईसंगं. पंप आमी बसवतो."

मी बाकावर आत्याशेजारी बसलो. माणिक बैलगाडीसारखी जीप चालवत होता. तरी एका ओघळीत चाक गेलंच. जीप कलली. मी दोन्ही हातांनी बाज धरली. बाज हलली नव्हती.

"ह्या कड्या तू लावल्यास का रं, भीमा?" आत्यानं विचारलं.

"हो."

"घट हायत."

फाटा आला. आज तिथं कुणी उभं नव्हतं. माझ्यानं गप्प बसवलं नाही.

"आत्या, काल गाडी आधी धामणीलाच यायला पाहिजे होती. मी पुढं नेली."

"म्हाईत हाय. हात केलता म्या. तू म्होरं बघत व्हतास."

"लोक म्हणाले असते, कांबळेनं आपल्या माणसांचं आधी केलं. म्हणून."

ती म्हणाली, "मंग? काय म्हनले लोक?"

मी आठवून पाहिलं. "काहीच नाही."

"खडकवाडीचे?"

"ते म्हणाले, उशीर केलात."

आत्यानं डोळे मिटले. मला वाटलं तिला ग्लानी आली. मी बाजेची कड आणखी घट्ट धरली.

"मला कशाला धरून बसलास?" ती डोळे न उघडता म्हणाली. "बांदलंय की मला."

अहमदपूरहून तिला नांदेडला हलवावं लागलं. हाड जुळलं, पण पाय आखूड झाला. पुढं ती बरीच वर्षं जगली, काठी घेऊन चालायची. पंप त्याच दिवशी संध्याकाळी सुरू झाला होता. मी धामणीला गेलो की ती चहा ठेवायची आणि पंपाचं काही बिघडलं असेल तर सांगायची. त्या दिवसाचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. मी एकदा काढू बघितला, तर म्हणाली, "आधी त्याचा दांडा बघ, लई करकरतोय."

आत्या नांदेडला असताना स्टोअरकीपर माझ्याकडं आला होता. "आत्याबाई कशा आहेत?" त्यानं अगदी मनापासून विचारलं. आपण कधी काळी काय बोललो होतो, ते त्याला आठवतही नव्हतं. माझ्यावर बोट ठेवायला बसलेलं असं त्या तालुक्यात कुणी नव्हतंच. ज्याच्या भीतीनं मी फाट्यावरून सरळ गेलो, तो माणूस माझ्याच डोक्यात होता.

पाठक साहेबांनी पुढं बाकीच्या पथकांच्या गाड्यांनाही तशाच रिंगा आणि बाक लावून घेतले. आमची जीप भंगारात निघाली तेव्हा तिचा तळाचा पत्रा गंजून जागोजागी झडला होता. रिंगा जिथल्या तिथं होत्या.

आता नवीन पोरं पथकात येतात, तेव्हा मला त्यांना गाडी भरायचं शिकवायला सांगतात. मी सांगतो. रिंग पत्र्याला लावू नका, चेसिसला लावा. दोर तिरपा ओढा. पाइपांवर माणूस बसवू नका. ती हे सगळं वहीत लिहून घेतात. शेवटी मी आणखी एक गोष्ट सांगतो. ती फार साधी वाटते म्हणून बहुतेक जण लिहून घेत नाहीत. रस्त्यात जे गाव आधी लागतं, तिथं आधी उतरा.