जावयाचा फुगलेला गाल

हसायचं तर हसून घ्या बापहो, पण मधे थांबवू नका. एकदा थांबलो की लाज वाटून पुढचं सांगवणार न्हाई मला!

निजामाचं राज होतं तेव्हाची गोष्ट. मी पंचवीस वर्षांचा, कुरुंद्याचा हळद पिकवणारा गडी. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, साखऱ्याला गेलेली. सांगावा आला, मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत.

आता काय सांगू माझा आनंद! आम्ही चार भाऊ, घरात औषधालासुद्धा पोरगी नाही. माझ्या आईनं गल्लीभर साखर वाटली. बारशाला निघालो, आणि नेमकी त्याच वेळी अक्कलदाढ उठली. अशी ठणकली, अशी ठणकली, की हिंगोलीत पोचेपर्यंत मला माझं नावसुद्धा आठवेना. म्हटलं, लेकीला पाहायचं तर हसऱ्या तोंडानं. गेलो सरकारी दवाखान्यात.

डॉक्टरसाहेब आडदांड. दवाखान्याच्या एका शिपायानं डोकं धरलं, दुसऱ्यानं पाय, आणि साहेबांनी दाढ उपटली. मी जी बोंब मारली, बाहेरचे दोन रोगी बरे होऊन घरी गेले! मग दाढेच्या जागी कापसाचा बोळा दाबला, हनुवटीपासून डोक्यापर्यंत फडकं आवळलं, कानावरूनच. दाढ कागदात बांधून हातात दिली, आणि साहेब म्हणाले,

"एक घंटा मुँह नहीं खोलने का. समझे?"

मला काय ऐकू आलं? एक हप्ता! तासाचा झाला आठवडा!

विचारून घ्यावं की नाही माणसानं? पण विचारायला तोंड उघडावं लागतं ना!

दुसऱ्या दिवशी दुपारी बैलगाडीवाल्यानं साखऱ्याच्या वेशीत सोडलं आणि तो पुढं निघून गेला. मी विचार केला, पहिलटकरणीचा नवरा आपण, गालाला फडकं बांधून सासुरवाडीला जाणं शोभतं का? काढलं फडकं, टाकलं पिशवीत. पटका नीट बांधला. गाल मात्र भोपळ्यासारखा टम्म. डोळ्यांतून पाणी.

सासरे ओसरीवरच होते. "या या जावईबापू! परवास बराबर झाला नव्हं?"

मी हात जोडले. तोंड बंद.

सासूबाईंनी पाणी आणलं. मी मान हलवली, नको. गरम पुरणपोळी आणली, वर तुपाची धार. वास नाकात गेला, जीव तुटला, पण मान हलवली, नको. चावणार कशानं?

सासूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. माजघरातून कुजबुज ऐकू आली.

"पाणीबी घेईना. गाल फुगवून बसले बघा."

"काहून?"

"काहून म्हंजी? पोरगी झाली म्हणून!"

अरे देवा! लिहून दाखवावं तर त्या घरात वाचणारं कोणी नाही. मी घाईघाईनं कागद सोडला, दाढ काढून सासऱ्यांच्या नाकासमोर धरली, माझ्या जबड्याकडं बोट केलं आणि मुठीनं उपटल्याची खूण केली.

सासरे दोन पावलं मागं सरले. "आता आमचे दात पाडता व्हय, जावईबापू?"

मी जोरजोरात दोन्ही हात हलवले. तेही त्यांना मारायला उचलल्यासारखे दिसले असणार!

मग त्या म्हाताऱ्यानं जे केलं ते आठवलं की अजून गलबलून येतं. डोईचं पागोटं काढलं आणि माझ्या पायापाशी ठेवलं. "माझ्या लेकीचा काय कसूर? तिला तकलीफ देऊ नका. काय बोलायचं ते मला बोला."

बोला म्हणतात! तेवढंच तर येत नव्हतं!

आतून बायकोचा आवाज आला. रडत होती, पण आवाज खणखणीत. "दादा, पागोटं उचला तुमचं. त्यांना म्हणावं, आल्या वाटेनं जा. मी माझ्या लेकराला वाढवीन."

मरू दे तो हप्ता, मरू दे ती दाढ. उघडलं तोंड!

"दाऽऽढ!"

रक्ताळलेला बोळा टुणकन उडून नेमका पागोट्यात पडला. सासूबाई किंचाळल्या. बायको लेकराला पोटाशी धरून दारात आली. तिनं माझ्या उघड्या तोंडात डोकावून पाहिलं, आणि डोळ्यांत पाणी असतानाच फस्सकन हसली. मी बोबडं बोबडं डॉक्टरसाहेबांचं फर्मान सांगितलं.

"येक हप्ता तोंड बंद? मंग खायाचं कसं, ते इचारलं न्हाई?"

"न्हाई."

"काहून?"

"तोंड बंद व्हतं."

पुढचे चार दिवस त्या घरात दोन बाळंतिणी होत्या! सासूबाई शेगडी पेटवायच्या, एक शेक लेकीच्या पाठीला, दुसरा माझ्या गालाला. तिला डिंकाचा लाडू, मला ज्वारीची पातळ पेज. सासरे स्वतः मिठाचं कोमट पाणी घेऊन समोर बसायचे, "करा गुळणी, लाजू नका." आणि मी पोरीला मांडीवर घेऊन बसायचो. तिलाही दात नाहीत, मलाही चावता येत नाही. आमचं फार जमलं.

पाचव्या दिवशी बारसं. बायका जमल्या, पाळणा सजला. सासऱ्यांनी अदबीनं विचारलं, "जावईबापू, नाव काय ठेवायचं?"

नाव मी कधीचं ठरवून ठेवलं होतं. शकुंतला! पण सूज पुरती उतरली नव्हती, जीभ गालात अडकली आणि बाहेर पडलं,

"ठकुंऽऽ…आ."

जावई एकदा रुसलेला सगळ्यांनी पाहिलेला, दुसऱ्यांदा विचारायची छाती कोणाची? सासूबाईंनी पाळण्यात वाकून पोरीच्या कानात सांगितलं, "ठकू!" बायकांनी कुर्रर्र केलं. मी हात वर करून काही सांगू लागलो, तर सासरे गहिवरून म्हणाले, "बघा, जावई आशीर्वाद देऊन राहिले!"

ठकूच राहिली ती. सासरी गेली ठकू म्हणून, आता तिला लेकरं झाली तरी ठकूच. दर दिवाळीला येते आणि कमरेवर हात ठेवून विचारते,

"आबा, दाढ तुमची निघाली, भोगायचं मी काहून?"