तीनदा दाबायचा क्लच

आमच्या जुन्या जीपचा क्लच तीनदा दाबल्याशिवाय गिअर पडायचा नाही. घरात जो कोणी ती चालवायला शिकला, तो हे तीनदा दाबणंही शिकला. क्लचच्या डबीतलं तेल कमी झालं की वरून ओतायचं आणि निघायचं.

काल घाटाच्या चढावर पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. दत्तू मिस्त्रींनी जीप ओढून गॅरेजात आणली आणि पायाखालचं मॅट उचललं. खालचा पत्रा ओला होता, त्याच्यावरचा रंग पापुद्रे धरून सुटला होता. तेल पेडलच्या दांडीवरून आतल्या आत उतरत होतं. म्हणून जमिनीवर कधी डाग पडला नाही.

"हे तीनदा दाबणं कधीपासून चाललंय?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासूनच. सवयच आहे तिची."

"गाडीला कसली सवय? गळत होतं ते."

मी त्या पत्र्याकडे बघत राहिलो. आई जिना चढताना तीनदा थांबायची. आम्ही तिच्यासाठी जिन्याच्या वळणावर स्टूल ठेवलं होतं, आणि आपण आईची किती काळजी घेतो असं आम्हाला वाटायचं. तीही कधी काही बोलली नाही. शेवटी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून? आम्ही तिन्ही भावंडं एकदमच म्हणालो, "पहिल्यापासूनच."

मिस्त्रींनी क्लचचा नवा सिलिंडर बसवला. आता एका दाबात गिअर पडतो. मी मात्र घरी येईपर्यंत प्रत्येक गिअरला तीनदाच दाबत आलो.

स्टूल अजून जिन्याच्या वळणावर आहे.