चढावरची घंटी

हार्ट अटॅकनंतर नवऱ्याला सायकल चालवायची परवानगी मिळाली ती एकाच अटीवर: दम लागला की उतरायचं. डॉक्टरांसमोर त्यानं इतक्या भाबडेपणानं मान डोलावली की मला तेव्हाच संशय आला. गांधीबागेतल्या आमच्या कापडाच्या दुकानात अजूनही तो कापडाच्या जड गाठी उचलू पाहायचा, आणि शेजारच्या दुकानदारांना तर त्यानं ‘जराशी ॲसिडिटी झाली होती’ असंच सांगून ठेवलं होतं.

म्हणून मीही माझी अट घातली. चढावर मी पुढे राहणार, कारण मी मागे असले की हा मला दाखवायला जोर लावतो. प्रत्येक वळणावर त्यानं दोनदा घंटी वाजवायची. ती ऐकू आली तरच मी पुढे जाणार.

हिवाळ्यातल्या एका रविवारी मनीषनगरच्या घरून सायकली गाडीवर बांधून आम्ही नरखेडकडे गेलो. एका गावात गाडी लावली आणि संत्र्यांच्या बागांमधून टेकडीवर जाणारा रस्ता धरला. लहानसाच चढ, पण गावात त्याला घाट म्हणतात. फांद्या फळांनी वाकल्या होत्या, कुठेतरी विहिरीवर मोटार चालू होती. इतकं देखणं सगळं, आणि माझं अर्धं लक्ष पाठीमागे.

पहिल्या वळणावर ट्रिंग ट्रिंग. दुसऱ्यावरही, जरा उशिरा. तिसऱ्या वळणावर मी थांबले, तर काहीच नाही. श्वास रोखून ऐकलं. मोटारीचा आवाज तेवढा येत होता. हाक मारली, उत्तर नाही. फोनला रेंज नव्हती.

खालून एक मोटरसायकलवाला आला. मी हात करून त्याला थांबवलं.

“दादा, खाली कोणी सायकलवाले दिसले काय?”

“सायकल दिसली ना ताई, कडेले पडून होती. मानूस नाही दिसला. काहून, का झालं?”

मी सायकल केव्हाच वळवली होती. चढताना घामानं भिजले होते, उतरताना हातपाय गार पडले. दवाखाना किती लांब असेल, याला गाडीपर्यंत कोण उचलेल, मुलीला फोनवर काय सांगायचं, सगळं एकदम डोक्यात येत होतं. ब्रेक दाबायचंही भान नव्हतं.

सायकल गवतात आडवी होती. मग नाल्यावरच्या लहानशा पुलाच्या पलीकडे, बागेच्या कुंपणाशी, रस्त्याकडे पाठ करून बसलेला तो दिसला. बूट काढून बाजूला ठेवलेले.

“छातीत दुखून राहिलं काय?”

“नाही वं.” त्यानं वर पाहिलं नाही. “पाय टेकला.”

चढावर पाय टेकला की चढ हरलो, हा आम्हा सायकलवाल्यांचा जुना मूर्खपणा. मीही तो मानत आले आहे.

“मग घंटी काहून नाही वाजवली?”

“उतरून चालून राहिलो होतो. चालता चालता घंटी कोण वाजवते? इतक्या उशिरा वाजली असती तर तुले कळलं असतं, मी उतरलो ते.”

“अहो, तुम्ही मेले असं समजून आले मी!” मी रस्त्यावर उभी राहून ओरडले, आणि ओरडता ओरडताच रडू फुटलं. त्या क्षणी त्याची सायकल उचलून नाल्यात फेकावी इतका राग आला होता. त्यानं बूट घातले.

आम्ही दोघंही सायकली ढकलत वर निघालो. तेवढ्यात तोच मोटरसायकलवाला परत आला. बिचारा आम्हालाच शोधायला आला होता. नवऱ्याकडे पाहून त्यानं गाडी थांबवली.

“पंक्चर झाली काय गा काका?”

आता सगळं खापर टायरवर फुटणार, अशी माझी खात्रीच होती.

“नाही गा, दम लागला,” नवरा म्हणाला. “हार्ट अटॅक येऊन गेला मले.”

मोटरसायकलवाला ‘सावकाश जा’ म्हणून गेला. आम्ही चालत राहिलो. वळण आलं तेव्हा मी त्याच्या अगदी शेजारीच होते, तरी त्यानं घंटी दोनदा वाजवली.